टोलनाक्यावरची रांग आणि चार खांब

नाशिकच्या कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला एखाद्या कॉम्प्युटर क्लासच्या जिन्यात उभं राहून तिसऱ्या सेमिस्टरच्या मुलाला विचारा, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग म्हणजे काय? उत्तर धडाधड येतं. एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅबस्ट्रॅक्शन, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम. हे चार खांब. प्रत्येकाची दोन ओळींची व्याख्या, इनहेरिटन्सचे पाच प्रकार आकृतीसह, आणि उदाहरणाला अ‍ॅनिमल नावाचा क्लास, म्हणजे एका प्रकारच्या वस्तूची माहिती आणि तिची कामं एकत्र मांडणारा आराखडा, ज्याच्यापासून डॉग आणि कॅट निघतात. मग त्याच मुलाला विचारा, क्लास लिहिलाच नसता तर काय बिघडलं असतं? इथे तो तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.

मी अंबडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो आणि रविवारी डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो. दोन्हीकडे हेच दिसतं. दिंडोरी, निफाड, सिन्नर, येवल्याहून एसटीचा पास काढून येणारी मुलं असतात. बऱ्याच जणांच्या घरात कोडिंग हा शब्द त्यांच्यामुळेच पहिल्यांदा आलेला असतो. डोकं चांगलं, कष्टाची तयारी, व्याख्या तोंडपाठ. पण एक छोटा चालू प्रोग्राम पुढे ठेवून 'यात एवढा बदल कर' म्हटलं की हात कीबोर्डवर नुसते टेकलेले राहतात. यात मुलांची चूक आहे असं मला वाटत नाही. क्लास आणि त्याच्यावरून घडणारी एकेक वस्तू, म्हणजे ऑब्जेक्ट, हा एका ठरावीक अडचणीवरचा उपाय आहे, आणि ती अडचण एकदाही न दाखवता आपण उपायाची व्याख्या पाठ करून घेतो. माझं म्हणणं एवढंच, की मुलाचा स्वतःचा प्रोग्राम त्याच्या हाताबाहेर जाईपर्यंत क्लास हा विषय वर्गात काढू नये, आणि परीक्षेत त्याची व्याख्या विचारणं बंद करावं.

'पण मुलं आधी सी ही साधी, क्लास नसलेली भाषा शिकतातच की' असं कुणी म्हणेल. शिकतात. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात कॉम्प्युटरच्या मुलांना आधी सी असतं, तिसऱ्या सेमिस्टरला सी प्लस प्लसमधून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग आणि चौथ्याला जावा. पण सीमध्ये त्यांनी काय लिहिलेलं असतं? दिलेली संख्या मूळ आहे का, फिबोनाची मालिका, मॅट्रिक्सचा गुणाकार, चांदण्यांचा त्रिकोण. सगळे प्रोग्राम एका पानात मावणारे आणि वायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला की कायमचे बंद होणारे. एकही प्रोग्राम पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडून वाढवावा लागत नाही. एका पानाच्या प्रोग्रामला क्लासची गरजच नसते. त्यात क्लास घुसवला की तो उगाच लांब होतो, आणि हे मुलाला दिसतं. मग तो मनाशी ठरवून टाकतो की हा मार्कांसाठी करायचा सोपस्कार आहे.

ही कल्पना मुळात आली कुठून, हे वर्गात कुणी सांगत नाही, आणि तेच सर्वांत आधी सांगायला हवं. 1960 च्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड हे दोघं काम करत होते. त्यांना जगातल्या कामांची नक्कल कॉम्प्युटरवर उभी करायची होती. गिऱ्हाइकं येतात, रांगेत थांबतात, खिडकीवर काम होतं, निघून जातात. खिडक्या वाढवल्या तर रांग किती कमी होईल? अशा प्रश्नांसाठी त्यांनी सिम्युला ही भाषा केली. पुढे 1966 च्या अखेरीस तिची नवी आवृत्ती घडत असताना त्यांच्यासमोर एक उदाहरण होतं: पुलावरचा टोलनाका. ट्रक, बस, मोटारी. प्रत्येकाची माहिती वेगळी, पण रांगेत मात्र सगळ्यांना उभं राहता आलं पाहिजे. मग रांगेचा भाग ट्रकसाठी एकदा, बससाठी एकदा, मोटारीसाठी पुन्हा एकदा लिहायचा का? त्यांनी तो एकदाच लिहिला आणि प्रत्येक वाहनाच्या वर्णनाच्या पुढे जोडून देण्याची सोय भाषेत केली. सिम्युला 67 मध्ये ही सोय आली. आज आपल्याकडे 'इनहेरिटन्सचे प्रकार सांगा' म्हणून जो प्रश्न पडतो, त्याचं मूळ हे: एकदा लिहिलेलं दुसऱ्याला वारशाने देणं. दोघांना त्या कामासाठी 2001 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी दोघंही गेले.

या गोष्टीतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी जे सामाईक म्हणून वेगळं काढलं, ते 'रांगेत उभं राहता येणं' होतं. ट्रक आणि बस दोन्ही वाहनंच, म्हणून त्यांना एका आईबापाची पोरं करू, असा विचार तिथे नव्हता. कामाला काय सामाईक लागतंय, इतकंच त्यांनी पाहिलं. आपलं डॉग-कॅटचं उदाहरण याच्या बरोबर उलटं शिकवतं. ते जगाची वर्गवारी शिकवतं, प्राणिशास्त्राच्या पुस्तकात असते तशी. मुलाला वाटतं, ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणजे जगातल्या वस्तूंची खानदानं मांडणं. आणि गंमत म्हणजे पिंपळगाव बसवंतहून नाशिकला येणारा मुलगा रोज टोलनाक्यावरची रांग बघत येतो, घोटीकडून येणाराही बघतो. ज्या उदाहरणातून ही कल्पना जन्मली ते त्याच्या एसटीच्या खिडकीबाहेर असतं आणि वर्गात त्याच्या पुढ्यात भुंकणारा कुत्रा येतो.

मी माझ्याकडच्या मुलांना पहिले काही रविवार क्लास हा शब्दही ऐकवत नाही. आम्ही लासलगावच्या कांदा लिलावाचा हिशेब लिहायला घेतो. निफाड-चांदवडकडची दोन-तीन मुलं तरी असतातच, त्यामुळे लिलाव समजावून सांगायला मला तोंड उघडावं लागत नाही. ट्रॅक्टर रांगेत लागतो, व्यापारी पुढ्यात येऊन बोली लावतात, भाव क्विंटलवर ठरतो, भुईकाट्यावर भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामा होतो, रिकाम्या गाडीचं वजन होतं, मग हिशेबपट्टी आणि पैसे. मुलं पायथन या भाषेत सरळ साध्या याद्या करतात: एक शेतकऱ्यांच्या नावांची, एक वजनांची, एक भावांची. तिन्हीत पाचव्या जागी जे आहे ते पाचव्या ट्रॅक्टरचं. चालतं. छान चालतं.

मग मी म्हणतो, आज सगळ्यात जास्त भाव कुणाला मिळाला ते वर दिसू दे. मुलं भावांची यादी उतरत्या क्रमाने लावतात. प्रोग्राम चालतो, लाल अक्षरात काही येत नाही, आणि पडद्यावर चांदवडच्या शेतकऱ्याच्या नावासमोर निफाडच्या कांद्याचा भाव येतो. कारण भाव हलले, नावं जागच्या जागी राहिली. ज्याच्या घरचा ट्रॅक्टर लिलावात उभा राहतो त्या मुलाला ही चूक केवढी आहे ते सांगावं लागत नाही. तो स्वतःच म्हणतो की सर, एका गाडीचं सगळं एकत्र बांधून ठेवता येत नाही का? येतं. आता क्लास शिकवायचा. आता तो पाच मिनिटांत समजतो, कारण त्यानेच तो मागितलेला असतो.

नुसतं एकत्र बांधणं हा अर्धा भाग झाला. लिलावात नियम असतात. बोली सुटली की भाव ठरला, तो कुणी गुपचूप बदलू शकत नाही. पण खळ्यावर माल रिकामा करताना वर एक आणि खाली एक निघाला तर व्यापारी वांदा काढतो आणि भाव कमी होऊ शकतो. मग प्रोग्राममध्ये भाव बदलू द्यायचा की नाही? बदलू द्यायचा, पण मूळ बोली पुसली जाता कामा नये, आणि बदल वांदा म्हणूनच नोंदला गेला पाहिजे. हा नियम कुठे लिहायचा? भाव बदलणाऱ्या ओळी प्रोग्राममध्ये सात ठिकाणी असतील तर नियम सात ठिकाणी लिहावा लागेल, आणि एका ठिकाणी विसरला की संपलं. म्हणून भाव बदलण्याचा हक्क त्या गाडीच्या नोंदीलाच द्यायचा. बाकी सगळ्यांनी तिला सांगायचं, वांदा निघाला आहे, नवा भाव अमुक. ती नियम तपासेल आणि मग बदलेल. एन्कॅप्सुलेशन म्हणतात ते हेच, आणि ते समजण्यासाठी कुठल्याही कॅप्सूलची आकृती काढावी लागत नाही.

निव्वळ वजनाचाही असाच एक प्रश्न येतो आणि मला तो भावाइतकाच आवडतो. भरलेल्या गाडीचं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन काट्यावरून येतं. निव्वळ वजन ही त्यांची वजाबाकी. ती साठवायची, की विचारल्यावर काढून द्यायची? बरीच मुलं साठवतात. मग रिकाम्या गाडीचं वजन चुकीचं नोंदलं म्हणून दुरुस्त होतं आणि निव्वळ वजन जुनंच राहतं. एकाच नोंदीत दोन आकडे एकमेकांशी भांडू लागतात. काय लक्षात ठेवायचं आणि काय दर वेळी मोजायचं, हा ऑब्जेक्टच्या रचनेतला अगदी पायाचा प्रश्न आहे, तो कुठल्याही खांबाखाली बसत नाही, म्हणून पेपरात येत नाही.

आता इनहेरिटन्स. ज्याने आधी पुस्तक वाचलेलं असतं असा एक तरी हुशार मुलगा या टप्प्यावर उठून म्हणतो की कांदा हा मूळ क्लास करू. लाल कांदा, उन्हाळी कांदा आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, हे त्याचे उपप्रकार. फळ्यावर झाड सुरेख दिसतं. मी त्याला ते करू देतो. मग विचारतो, उन्हाळीतली गोल्टी आली तर? उन्हाळीखाली गोल्टी घातली तर लालमधली गोल्टी कुठे जाणार? दोन्हीकडे घातली तर गोल्टीचे नियम दोनदा. सी प्लस प्लस म्हणेल, दोन क्लासपासून एक काढ. जावा क्लासच्या बाबतीत त्याला नकार देतो. मुलं अर्धा तास झाडाच्या फांद्या छाटत आणि जोडत बसतात. शेवटी कुणीतरी विचारतं, लाल आणि उन्हाळी यांच्या हिशेबात फरक काय आहे? काहीच नाही. वजन तसंच, लिलाव तसाच, पट्टी तशीच. फरक फक्त नोंदीत लिहायच्या नावाचा. मग तो नोंदीतला एक रकाना आहे, त्यासाठी नवा क्लास कशाला? टोलनाक्यावरही तेच. मोटारीचा दर वेगळा आणि ट्रकचा वेगळा, एवढाच फरक असेल तर ते दोन आकडे आहेत, दोन क्लास नव्हेत.

इनहेरिटन्सचा मोह टाळायला शिकणं हे इनहेरिटन्स शिकण्याइतकंच गरजेचं आहे. गुगलमधून 2009 मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत क्लासचा वारसा हा प्रकारच ठेवलेला नाही. 2015 मध्ये 1.0 आवृत्ती आलेल्या रस्टमध्येही नाही. दोन्ही भाषांत मोठमोठी कामं चालू आहेत. चारपैकी एक खांब काढून घेतला तरी इमारत उभी राहते, याचा अर्थ तो खांब पाठ करणाऱ्यांनी थोडा तपासून पाहायला हवा. पॉलिमॉर्फिझमची गोष्ट वेगळी. त्याच्यावाचून खरोखर अडतं. लिलावाचे पैसे रोख देता येतात, चेकने देता येतात, आरटीजीएसने देता येतात. 'रोख असेल तर हे, चेक असेल तर ते' अशी जर-तरची शिडी मुलं हिशेबपट्टीत लिहितात, मग दिवसाच्या गोषवाऱ्यात लिहितात, मग थकबाकीच्या यादीत. चौथा प्रकार आला की तिन्ही शिड्यांना पायरी जोडावी लागते, आणि एका शिडीला ती राहते. त्यापेक्षा प्रत्येक प्रकाराने 'पैसे दे' या एकाच निरोपाला आपापल्या रीतीने उत्तर द्यावं. निरोप एक, कृती ज्याची त्याची. स्मॉलटॉक भाषेचा जनक अ‍ॅलन के 1998 मध्ये हेच म्हणाला होता. आपण या पद्धतीला 'ऑब्जेक्ट' हे नाव दिलं आणि लोक वस्तूंच्याच मागे लागले, खरी मोठी गोष्ट निरोपांची देवाणघेवाण आहे, अशी त्याची खंत होती. आपल्या प्रश्नपत्रिकांनी ती खंत अजून वाचलेली दिसत नाही.

आणखी एक सवय शिकवणीच्या क्लासमधून लागते ती गेटर-सेटरची, म्हणजे रकान्यातली किंमत वाचून देणाऱ्या आणि बदलून देणाऱ्या छोट्या फंक्शन्सची. सगळे रकाने प्रायव्हेट, म्हणजे बाहेरून थेट हात न लागणारे, करायचे आणि मग एडिटरमधलं एक बटण दाबून प्रत्येकाला गेटर आणि सेटर काढून घ्यायचा. परीक्षकाला प्रायव्हेट दिसतं, मार्क मिळतात. पण भावाला सेटर दिला म्हणजे कुणीही यावं आणि भाव बदलावा. वांद्याचा नियम गेला उडत. दाराला कुलूप लावून किल्ली कडीलाच टांगली तर कुलूप कशाला? मुलाखतीत मी हा एकच प्रश्न विचारतो, या रकान्याला सेटर का दिलास? 'द्यायचा असतो' याखेरीज उत्तर क्वचित येतं.

माझ्या या मताच्या विरुद्ध बाजूला चांगली जाणती माणसं आहेत, त्यांना टाळून पुढे जाता येणार नाही. ऑब्जेक्टपासूनच सुरुवात करावी असं मानणारा शिक्षकांचा एक मोठा प्रवाह जगभर आहे. त्यांच्यासाठी मायकेल कोलिंग आणि सहकाऱ्यांनी ब्लूजे नावाचं साधन केलं. त्यात मुख्य प्रोग्राम न लिहिता माउसने क्लिक करून ऑब्जेक्ट तयार करता येतो, त्याला निरोप पाठवता येतो, त्याच्या आत काय आहे ते उघडून पाहता येतं. हे शिकवणं मला पटण्यासारखं आहे, कारण तिथे मूल पहिल्या तासाला ऑब्जेक्टशी खेळतं. त्यांची भीती अशी, की आधी याद्या आणि फंक्शन्सची सवय लागली तर ती मोडायला जड जाते. भीती खोटी नाही. माझा आक्षेप एवढाच, की आपल्याकडे ब्लूजेसारखं खेळणंही नाही आणि वाढणारा प्रोग्रामही नाही. दोन्ही पंथांतलं कष्टाचं काम गाळून आपण फक्त व्याख्या उचलल्या. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने 2011 मध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाच्या पायाभूत अभ्यासातून ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग काढलं आणि पुढच्या वर्षाकडे नेलं. मी एवढं कडक होणार नाही. तिथल्या मुलांच्या हाती पुढची तीन वर्षं असतात. आपल्या डिप्लोमाच्या मुलाला तिसऱ्या वर्षानंतर अंबड-सातपूरला किंवा पुण्याला नोकरी शोधायची असते.

भाषा कोणती, हा वाद मी लवकर आटोपतो. जावामध्ये पडद्यावर एक ओळ उमटवायला मुलाला आधी क्लास लिहावा लागायचा आणि त्यात पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड, मेन आणि कंसातली स्ट्रिंगची भेंडोळी. यातल्या कशाचाही अर्थ त्याला तेव्हा सांगता येत नाही. 'हे असंच लिहायचं, पुढे कळेल' हे प्रत्येक जावा शिक्षकाचं पहिलं वाक्य. सप्टेंबर 2025 मध्ये आलेल्या जावा 25 मध्ये ही अट निघाली. आता लहान प्रोग्रामला वरचा क्लास लिहावा लागत नाही, नुसतं मेन लिहिलं तरी चालतं. नवशिक्यांवर हे ओझं होतं, असं खुद्द जावा सांभाळणाऱ्यांनीच मान्य केलं. आपल्या प्रयोगशाळांत हे कधी पोचेल ते वेगळं; काही ठिकाणी अजून टर्बो सीची निळी खिडकी उघडते आणि मुलं पहिल्या ओळीला स्क्रीन साफ करण्याची आज्ञा लिहितात, जी आजच्या बहुतेक कंपायलरांत चालत नाही. पायथन मला सुरुवातीला बरी वाटते, कारण ती क्लासची सक्ती करत नाही. गरज पडेल तेव्हा क्लास लिहिता येतो. पण पायथन प्रायव्हेटची सक्तीही करत नाही, नियम पाळणं लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर सोडते. म्हणून अडचण पायथनमध्ये अनुभवावी आणि शिस्त जावात शिकावी, असा माझा कल. सी प्लस प्लस वाईट नाही. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुपने 1979 मध्ये बेल लॅबमध्ये ती सुरू केली तीही अडचणीतूनच. केंब्रिजला पीएचडी करताना त्याला सिम्युलाची मांडणी आवडली होती आणि तिचा संथपणा नडला होता. पण पॉइंटर आणि मेमरीच्या कटकटी सांभाळत असतानाच ऑब्जेक्टची रचना शिक म्हणणं हे एका वेळी दोन नव्या गोष्टींचं ओझं आहे, आणि मुलं त्यातलं पाठ करता येण्यासारखं तेवढं घेतात.

समजावण्याची भाषा मराठी असावी, याबद्दल मला शंका नाही. 2021 पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेने, मराठीसह काही भारतीय भाषांत इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली आहे आणि मुक्त विद्यापीठ तर 1989 पासून आपल्याच शहराच्या वेशीवर आहे. क्लास, ऑब्जेक्ट, मेथड (ऑब्जेक्टची एकेक कृती) हे शब्द तसेच राहू देत; जावा आणि पायथन या दोन्ही भाषांत रकान्यांना आणि मेथडना देवनागरीत नावं देता येतात हे मुलांना दाखवलं की त्यांना मजा वाटते, पण नोकरीत कुणी ते चालवून घेणार नाही. मात्र 'हा नियम कुणी पाळायचा' ही चर्चा मोडक्या इंग्रजीत होऊच शकत नाही, आणि क्लासची रचना म्हणजे नेमकी तीच चर्चा.

हल्ली एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. कोड एआय लिहून देतं, मग हे शिकायचं कशाला? मी त्याला कांदा लिलावाचा प्रोग्राम लिहायला सांगून पाहिला आहे. क्लास झटक्यात येतात, नीटनेटके, कॉमेंटसकट. भावाला सेटरही येतो. वांदा हा प्रकार त्याला मी सांगितल्याशिवाय सुचला नाही, आणि सुचावा अशी अपेक्षाही नाही; लासलगावला काय चालतं ते त्याने पाहिलेलं नाही, आमच्या मुलाने पाहिलं आहे. टाइप करण्याचं काम गेलं, कबूल. मग उरलं काय? कुठली माहिती कुणाकडे, कुठला नियम कुणाच्या ताब्यात, काय बदलू द्यायचं आणि काय नाही, हे ठरवणं, आणि आयता आलेला कोड वाचून त्यात कुठलं दार उघडं राहिलंय ते ओळखणं. व्याख्या पाठ केलेला मुलगा इथे एआयपुढे अगदीच निरुपयोगी ठरतो, कारण व्याख्या त्यालाही पाठ आहेत.

सगळ्यात खरा अडथळा परीक्षेचा आहे आणि त्यावर शिक्षकांचं म्हणणं मी ऐकून आहे. एका प्राध्यापकाकडे प्रॅक्टिकलच्या बॅचमागून बॅच, सबमिशनच्या फायलींचा ढीग, वर अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचा तगादा. व्याख्येचं उत्तर दोन मिनिटांत तपासून होतं. प्रत्येकाचा वेगळा प्रोग्राम तपासायला कोण बसणार? म्हणून मी वेगळा प्रोग्राम लिहायला सांगा असं म्हणतच नाही. सगळ्यांना एकच चालू प्रोग्राम द्या, दोनशे ओळींचा, मराठीत काम समजावून सांगितलेला. त्यात दोन बदल करायला सांगा. पैसे देण्याचा एक नवा प्रकार जोडा. एक नियम असा घाला की तो कुठूनही मोडता येऊ नये. बदल बरोबर आहे का हे तपासणारा छोटा प्रोग्राम आधीच लिहून ठेवता येतो, निकाल लगेच मिळतो. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, वायवात एवढंच विचारावं की बदल याच ठिकाणी का केलास. फाईल दुसऱ्याची उतरवून काढलेला मुलगा त्या प्रश्नाला अडतो. विषयही दर वर्षी नवा काढता येतो. 2027 चा सिंहस्थ जवळ आला आहे. बाहेरचे वाहनतळ, तिथून शहरात येणाऱ्या एसटीच्या फेऱ्या, भरलेला वाहनतळ बंद करून पुढच्या गाड्या दुसरीकडे वळवणं, यात एका सेमिस्टरची प्रॅक्टिकल्स सहज निघतील.

यासाठी मंडळाने अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहायला नको. प्रकरणांचा क्रम आणि प्रयोगांचे विषय यांत शिक्षकाला थोडी तरी मोकळीक असते आणि क्लासवाल्यांना तर पूर्णच असते. पण क्लासवाले व्याख्याच शिकवणार, कारण मुलाखतीत व्याख्याच विचारतात, आणि तिथे दोष आमच्याकडे येतो. कॅम्पसला गेलेला आमचाच एखादा सहकारी घाईच्या वेळी 'चार खांब सांग' म्हणून मोकळा होतो. नाशिकमधल्या लहान-मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी मनावर घेतलं तर मागच्या वर्षी मुलाखतीत दिलेला एक प्रोग्राम, त्यात करायला सांगितलेला बदल आणि त्याचं एक बरं व एक वाईट उत्तर एवढं कॉलेजांना देऊन टाकणं अजिबात अवघड नाही. पुढच्या वर्षी प्रोग्राम दुसरा काढायचा.